वरणावरची बंदी

युरिक ॲसिडचा रिपोर्ट वाढलेला आला की मराठी घरात सगळ्यात आधी वरण बंद होतं. पाठोपाठ पालक, फ्लॉवर, मटार, मशरूम आणि झाडून सगळ्या उसळी जातात. ताटात उरतो भात, बटाटा, चपाती आणि चहाबरोबरची बिस्किटं. सरकारी रुग्णालयात आहारतज्ज्ञ म्हणून नोकरी केली त्या सगळ्या काळात पथ्याचा हा कागद माझ्या टेबलावर येत राहिला. कुणी तो पाकिटात चार घड्या घालून ठेवलेला असे, कुणी रेशनकार्डाच्या प्लास्टिकच्या कव्हरात. झेरॉक्सची झेरॉक्स काढून अक्षरं पुसट झालेली, पण डाळींवरची फुली ठळक. अंगठा सुजल्यामुळे चप्पलसुद्धा घालता येत नाही असा माणूस समोर बसलेला असायचा, आणि महिनोन्महिने डाळ तोडल्यामुळे त्याचे दंड उतरलेले दिसायचे. एवढं पाळूनही सांधे सुजवणाऱ्या या दुखण्याचा, म्हणजे गाउटचा, झटका यायचा तो यायचाच. म्हणून हा कागद मुळात लिहिला कुणी, याचा माग काढायला मी लागले.

आपल्याकडे या दुखण्याचं पथ्य फार जुनं आहे. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानातला एकोणतिसावा अध्याय वातरक्ताचा. यादवजी त्रिकमजी आचार्यांनी संपादित केलेली आणि मुंबईच्या निर्णयसागर छापखान्याने 1941 साली छापलेली संहिता घेऊन बसलं की हा अध्याय सावकाश वाचता येतो. रोग कुणाला होतो ते आधी सांगितलं आहे: नाजूक प्रकृतीच्या, खाऊनपिऊन सुखी, फारशी चाल नसलेल्या माणसांना. आढ्यवात, म्हणजे सधनांचा वात, असंही एक नाव तिथे येतं. दुखणं हातापायांच्या सांध्यांत मूळ धरतं आणि मग अंगभर पसरतं. कारणांमध्ये खारट, आंबट, तिखटाचा अतिरेक आहे. पाण्यातल्या आणि पाणथळ जागेतल्या प्राण्यांचं मांस आहे, सुकवलेलं मांस आहे, ऊस आहे, मद्य आहे. कुळीथ, उडीद, पावटे, मुळा, दही, ताक हेही आहे.

पुढे पथ्य येतं. जुने जव, गहू, साठेसाळीचा भात, दूध. पालेभाज्यांत चाकवत आणि मयाळ. आणि कढणासाठी तूर, हरभरा, मूग, मसूर, मटकी, त्यात सढळ हाताने तूप. म्हणजे ज्या तुरीवर आमच्या कागदात फुली असते, तिचंच कढण चरक वातरक्ताच्या रोग्याला द्यायला सांगतो.

चरकाला प्युरिन, म्हणजे शरीरात मोडून ज्याचं युरिक ॲसिड होतं ते द्रव्य, ठाऊक होतं असा दावा मी करणार नाही. दह्या-ताकाला त्याने दिलेला दोष आजच्या अभ्यासांशी जुळत नाही, आणि ग्रंथातलं वातरक्त व आजचा गाउट हे तंतोतंत एकच दुखणं आहे असंही म्हणता येत नाही. पण रोगी जवळून पाहणाऱ्यांच्या त्या परंपरेने डाळ सरसकट तोडली नव्हती, एवढं त्या पानावर स्पष्ट आहे. मग ती तोडली कुणी?

युरोपातही हा रोग खात्यापित्या घरचाच मानला गेला. हिपोक्रेटिसच्या नावावरच्या वचनांमध्ये बायकांना पाळी चालू असेतोवर हे दुखणं होत नाही असं निरीक्षण आहे, आणि ते बहुतांशी खरं ठरलं: स्त्री-संप्रेरकामुळे मूत्रपिंडं युरिक ॲसिड जास्त बाहेर टाकतात, म्हणून बायकांना हा त्रास बहुधा पाळी गेल्यावर सुरू होतो. स्पेनवरही राज्य करणारा सम्राट पाचवा चार्ल्स गाउटने इतका जेरीस आला होता की गादी सोडून युस्तेच्या मठाशेजारी राहायला गेला, तेव्हाही त्याची बिअर आणि खारवलेली मासळी सुटली नाही. त्याच्या जपून ठेवलेल्या बोटाच्या तुकड्यात 2006 साली संशोधकांना युरेटचे स्फटिक सापडले. इंग्लंडमध्ये टॉमस सिडनहॅम या डॉक्टराने 1683 साली गाउटवर पुस्तक लिहिलं. तो स्वतः 30 वर्षांहून अधिक काळ या दुखण्याने बेजार होता. माणूस धडधाकट झोपतो, पहाटे दोनच्या सुमारास अंगठ्याच्या कळेने उठतो आणि मग अंगावरच्या पांघरुणाचं वजनही त्याला सोसवत नाही, हे त्याने केलेलं वर्णन आजही कुठल्याही वॉर्डात पडताळून पाहावं. पण सिडनहॅमच्या काळी अमुक पदार्थात अमुक द्रव्य म्हणून तो वर्ज्य, असा विचारच नव्हता. बेताने खा, बेताने प्या, एवढंच पथ्य होतं.

तो विचार रसायनशास्त्रातून आला. शेले या स्वीडिश रसायनतज्ज्ञाला 1776 साली मुतखड्यात एक आम्ल सापडलं, तेच युरिक ॲसिड. वुलस्टन याने 1797 साली गाउटच्या गाठीतला खडूसारखा पदार्थ तपासला आणि तो त्याच आम्लाचा क्षार निघाला. मात्र हे आम्ल जिवंत माणसाच्या रक्तात वाढतं हे दाखवलं लंडनच्या आल्फ्रेड गॅरड याने, 1848 साली. त्याची दोऱ्याची परीक्षा मला फार आवडते, कारण ती कुठल्याही यंत्राशिवाय होती. रोग्याचं थोडं रक्त काढायचं, ते साकळू द्यायचं आणि वरचा पिवळसर द्रव एका पसरट काचेच्या वाटीत घ्यायचा. त्यात ॲसेटिक ॲसिडचे काही थेंब टाकायचे. न धुतलेल्या लिननच्या कापडातला इंचभर धागा त्यात सोडायचा आणि वाटी दीड-दोन दिवस शेकोटीवरच्या फळीवर ठेवून द्यायची. द्रव आटत आला की गाउटच्या रोग्याच्या वाटीतल्या धाग्यावर स्फटिक धरतात. दोऱ्यावरच्या खडीसाखरेसारखे, ही उपमा खुद्द गॅरडची. निरोगी माणसाच्या वाटीतला धागा कोराच राहतो. आज पॅथॉलॉजीच्या कागदावर 7.8 असा आकडा छापून येतो, त्याची सुरुवात त्या वाटीतून झाली.

रक्तात आम्ल वाढतं हे कळलं, आता ते येतं कुठून याचा शोध सुरू झाला. एमिल फिशर या जर्मन रसायनतज्ज्ञाने 1884 साली प्युरिन हे नाव सुचवलं आणि 1898 साली ते प्रयोगशाळेत तयार केलं; 1902 सालचं नोबेल त्याला साखरेवरच्या आणि प्युरिनवरच्या कामासाठी मिळालं. युरिक ॲसिड, ग्वानिन, ॲडेनिन, चहा-कॉफीतलं कॅफीन ही सगळी याच कुटुंबातली. यातलं ॲडेनिन आणि ग्वानिन पेशीच्या केंद्रकात असतं. म्हणून ज्या पदार्थात पेशी दाटीवाटीने असतात त्यात प्युरिन जास्त: कलेजी, गुर्दा, छोटी मासळी. आणि कोंबडीच्या अंड्यातला बलक मुळात एकच पेशी, म्हणून अंड्यात प्युरिन जवळजवळ नाही. दुधातही नाही. हे एवढं समजलं की अर्धं पथ्य पाठ न करताही लक्षात राहतं.

आणि आता माझ्या शोधातला मुख्य माणूस. अलेक्झांडर हेग हे लंडनचे डॉक्टर. त्यांना अर्धशिशीचा जबर त्रास होता. 1882 च्या सुमाराला त्यांनी मांस सोडलं आणि डोकेदुखी उतरली. त्यावरून त्यांची खात्री पटली की सगळ्याच्या मुळाशी युरिक ॲसिड आहे. 1892 साली त्यांचं जाडजूड पुस्तक निघालं. त्यात गाउट तर होताच, पण डोकेदुखी, अपस्मार, उदासपणा, रक्तदाब, असं जे जे म्हणून दुखणं होतं ते त्यांनी युरिक ॲसिडच्या माथी मारलं. त्यांनी आखलेल्या आहारात मांस-मासळी तर वर्ज्य होतीच. त्याबरोबर मटार, मसूर, सगळी कडधान्यं, ॲस्परॅगस, मशरूम, चहा, कॉफी यांनाही बंदी होती. रसायनाच्या कुटुंबात नाव आलं म्हणून पदार्थ बाद. कॅफीन शरीरात मोडतं तेव्हा त्याचं युरिक ॲसिड होत नाही, हा फरक त्या हिशेबात बसला नाही. हेग यांची पुस्तकं पुन्हा पुन्हा छापली गेली, युरिक ॲसिडमुक्त आहाराचं एक वेडच इंग्लंड-अमेरिकेत पसरलं. 20 व्या शतकाच्या सुरुवातीला मँचेस्टरच्या वॉकर हॉल यांनी पदार्थ मोजून प्युरिनचे तक्ते छापले. हॉल यांचं काम मोजमापाचं होतं, प्रामाणिक होतं. पण कुठल्याही तक्त्याचं होतं तेच याचंही झालं: आकडे राहिले, पण कच्च्या पदार्थाचे की शिजलेल्याचे, आणि माणूस ताटात वाढून घेतो किती, हा विचार गळाला.

हेग यांचा सर्वरोगी सिद्धांत वैद्यकाने पुढच्या काही दशकांत टाकून दिला. त्यांची यादी मात्र टिकली. जास्त, मध्यम, कमी अशा तीन रकान्यांत बसून ती आहारशास्त्राच्या पुस्तकांत आली आणि तिथून आपल्या दवाखान्यांत.

ती आमच्या घरातही आली होती. माझे वडील वेंगुर्ल्याला पोस्टमास्तर होते. 1980 च्या दशकात त्यांना पहिला झटका आला आणि हातात सायक्लोस्टाइल केलेला इंग्रजी कागद पडला. यादी लंडनच्या ताटाची होती. तिच्यात हेरिंग होता, पेडवे नव्हते. ॲस्परॅगस होता, सुकट नव्हती, कालवं नव्हती. कडधान्यं मात्र होती, आणि ती आमच्या घरात रोज शिजत. बाबा शिस्तीचे. त्यांनी वरण सोडलं, मुगागाठी सोडल्या, चवळीची उसळ सोडली. मासे पचायला हलके असं घरात सगळ्यांनाच वाटे, म्हणून आई भातावर पेडव्यांचं तिखलं वाढू लागली आणि मासळी बंद असेल त्या दिवसांत सुकटीची किसमूर. पेडवे आणि तारली हे हेरिंगचेच भाईबंद. झटके वाढत गेले आणि बाबांना वाटे, आपल्याच पथ्यात कुठेतरी कसूर होतेय. त्या कष्टी चेहऱ्याच्या आठवणीने मी हा विषय सोडू शकलेले नाही.

मासळी खाणाऱ्या माणसांसाठी नीट मोजमाप जपानमध्ये झालं. कियोको कानेको आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2014 साली शेकडो पदार्थांचे आकडे प्रसिद्ध केले. 100 ग्रॅमला मिलिग्रॅममध्ये: कोंबडीची कलेजी सुमारे 312, तारलीच्या जातीची ताजी मासळी 210, तिथली सुकवलेली बारीक मासळी 746. पालक 51. दूध आणि अंडं शून्य. मासळी वाळली की पाणी जातं आणि प्युरिन मागे राहतं, म्हणून सुक्याचा आकडा असा चढतो. आमच्या सुकटीचं, सोड्यांचं, सुक्या बोंबलाचं गणित याच जातीचं. चिमूटभर सुकट भाजून चटणीत घातली तर ती 10 ग्रॅमही भरत नाही, पण वाटीभर सोड्याचं कालवण रोज होत असेल तर ती गोष्ट वेगळी. कोरड्या डाळी मधल्या गटात येतात. पण वाटीभर वरणात कोरडी डाळ 25-30 ग्रॅमच असते, 100 नव्हे.

तरी तक्ता म्हणजे शेवटचा शब्द नाही. तो पदार्थ खाऊन माणसाला रोग होतो का हे पाहावं लागतं. ते काम 2004 साली झालं. हियॉन चोई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या 47,150 पुरुषांचं खाणं 12 वर्षं नोंदवलं. त्यातल्या 730 जणांना गाउट झाला. सगळ्यात जास्त मांस खाणाऱ्या गटात धोका सगळ्यात कमी खाणाऱ्यांपेक्षा 41 टक्क्यांनी जास्त निघाला, मासळीच्या बाबतीत 51 टक्क्यांनी. दुधाचे पदार्थ भरपूर घेणाऱ्यांत धोका जवळजवळ निम्म्यावर. आणि डाळी, मटार, पालक, फ्लॉवर, मशरूम खाणाऱ्यांत धोका वाढलेला आढळला नाही. त्याच वर्षीच्या दुसऱ्या लेखात बिअर सगळ्यात घातक ठरली. 2008 साली साखरेची शीतपेयंही त्याच रांगेत आली, कारण त्यातलं फ्रुक्टोज पचताना शरीर स्वतःचंच प्युरिन मोडतं. हे सगळे अमेरिकन पुरुष, आपलं त्यांच्याशी काय, असं कुणी विचारेल. सिंगापूरच्या चिनी लोकांवरचा मोठा अभ्यास 2015 साली प्रसिद्ध झाला. तिथे कोंबडी आणि मासळीने धोका वाढलेला दिसला, सोयाबीन आणि इतर कडधान्यांनी उलट कमी झालेला.

तेव्हा 2004 नंतरही डाळीवर फुली मारून देणं मला मान्य नाही. शाकाहारी घरात वरण, उसळ, पिठलं हेच प्रथिन. ते काढून घेतलं की माणूस बिस्किटं, पोहे, साखरेचा चहा, सरबतं यांवर येतो. वजन वाढतं, साखर वाढते आणि युरिक ॲसिड खाली येत नाही. रोग्याचं पथ्य रोगालाच पोसतं.

जिथे कडक राहायला हवं तिथे मी कडक राहते. कलेजी, गुर्दा, भेजा, वजडी, पाया बंद. मटण महिन्यातून मोजकं. आणि कोल्हापूरकडचे रुग्ण ठामपणे सांगत, फोडी खात नाही, नुसता रस्सा घेतो. प्युरिन पाण्यात उतरतं. मटण शिजवलेल्या अळणी पाण्यावरच पांढरा रस्सा होतो, तेव्हा फोडी बाजूला सारून दोन वाट्या रस्सा पिणाऱ्याने बरंचसं प्युरिन पिऊनच टाकलेलं असतं. गटारीला मटण आणि दारू एकदम, आणि दुसऱ्या दिवसापासून कडकडीत उपास, ही जोडीही अंगठ्याला सोसत नाही. दारू पचताना आणि उपाशी पोटी चरबी जळताना जे पदार्थ रक्तात तयार होतात, ते मूत्रपिंडाची युरिक ॲसिड बाहेर टाकायची वाट अडवतात.

औषधाचा इतिहास मात्र पथ्याच्या इतिहासापेक्षा सरळ आहे. युनानी हकीम या दुखण्यावर सुरंजानचा कंद देत आले. काष्ठौषधींच्या दुकानात तो आजही मिळतो. युरोपातल्या कोल्चिकम या वनस्पतीचा तो सख्खा भाऊ, आणि झटक्यावरचं कोल्चिसिन त्याच कुळातून मिळालं. पावसाळ्यात सह्याद्रीत लाल-पिवळी फुलते ती कळलावी, तिच्याही कंदात आणि बियांत कोल्चिसिन असतं, पण ती जीवघेणी विषारी आहे. ती कुणीही घरी उगाळू नये. मूळ दुखण्यावरची गोळी, ॲलोप्युरिनॉल, गर्ट्रूड एलियन आणि जॉर्ज हिचिंग्ज यांच्या कामातून आली. रक्ताच्या कर्करोगावरच्या औषधाला जोड म्हणून तिचा विचार सुरू झाला होता; 1966 साली गाउटसाठी तिला अमेरिकेत मान्यता मिळाली. 1988 सालचं नोबेल मिळालेल्यांत ही दोघंही होती. पथ्य असूनही गोळी लागते याचं कारण साधं आहे: शरीरातलं दोन तृतीयांश युरिक ॲसिड आपल्याच पेशींच्या मोडतोडीतून येतं, अन्नातून फार तर एक तृतीयांश. अगदी कडक पथ्यानेही रक्तातला आकडा साधारण 1 मिलिग्रॅमनेच उतरतो. 9 असलेल्याला 6 च्या खाली आणायचं काम ताटाकडून होत नाही. बाबांना ती गोळी उशिरा मिळाली. काही महिन्यांनी झटके थांबले आणि मग आईने वरणाचा कुकर पुन्हा लावला.

नुसता रिपोर्ट वाढलेला आहे, झटका कधी आलेला नाही, अशांना बहुधा गोळीही लागत नाही आणि असली उपासमारही. वजन, दारू, गोड पेयं यांकडे पाहिलं तरी पुष्कळ झालं. ते डॉक्टर ठरवतील. तुमच्या घरात तो कागद असेल तर तो फेकू नका, पुढच्या खेपेला बरोबर न्या आणि डाळीवरची फुली दाखवून सरळ विचारा, ही का मारली? मूत्रपिंड अधू असेल तर डाळीचं प्रमाण त्यांच्याकडूनच ठरवून घ्या. मूत्रपिंड ठीक असेल, तर कलेजी, बिअर आणि थंड पेयाची बाटली काढा, आणि दुपारच्या भातावर वाटीभर वरण पुन्हा वाढा.